झोळीचे माप : नि:संगविधी आणि नव्या वस्तूंचा आग्रह

विषयप्रवेश

गेल्या वर्षी कार्तिक महिन्यात घाटनांदूर येथे पोथीनिरूपण आटोपले आणि सद्भक्त मंडळी दंडवत करून आपापल्या घरी निघाली. एक उपदेशी शेतकरी तेवढा मागे थांबला. मंडळी पांगल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, “बाबा, दंडवत. एक इचारायचं हाय.”

“विचारा, भाऊ.”

“पोरगं नवा मोबाइल मागतंय. हातातला चालतोय. बोलनं होतंय, बघनं होतंय, समदं होतंय. पर कालिजातली पोरं हसत्यात म्हनतंय. सोयाबीन अजून घरातच पडून हाय. दुकानदार हप्त्यावर द्यायला तयार हाय. घ्यावा का नगं? शास्त्रात काय सांगितलंय?”

त्या सायंकाळी आचार प्रकरणातील नि:संगाचेच निरूपण झाले होते, तेव्हा उत्तर आमच्या ओठांवर होते. परंतु ते उच्चारण्यापूर्वी आमचा हात नकळत झोळीवर गेला. त्या झोळीत पंधरा दिवसांपूर्वी एका सद्भक्ताने मोठ्या श्रद्धेने अर्पण केलेला नवा मोबाइल होता. जुना बिघडलेला नव्हता. त्याची बॅटरी लवकर उतरत असे, एवढेच. नवा आला तसा आम्ही तो स्वीकारला आणि जुना कपाटात ठेवून दिला. शेतकऱ्याला आम्ही इतकेच म्हणालो, “उद्या मुलाला घेऊन या.” त्या रात्री या विषयाचा जो विचार झाला, तो वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे. वासनिकाला उपदेश करावा आणि भिक्षूने स्वतःस त्यातून वगळावे, ही चाल आपल्या पंथाची नाही. म्हणून आमच्याकडून घडलेले आरंभीच सांगून टाकले आहे.

नि:संगाचे स्वरूप

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची वचने श्रीकेशिराजबासांनी सूत्रपाठात संकलित केली. त्यांतील आचार आणि आचारमालिका या प्रकरणांवर आपल्या पूर्वाचार्यांनी पिढ्यानपिढ्या चिंतन केले आहे. संन्यास, नि:संग, निवृत्ती, अहिंसा आणि भक्ती ही साधकधर्माची अंगे त्यातूनच विवरिली जातात. त्यांपैकी नि:संगाचा अर्थ पुष्कळदा “वस्तू जवळ नसणे” असा स्थूलपणे केला जातो. तो अर्थ अपुरा आहे. संग वस्तूत वसत नाही. वस्तूकडे जीवाची जी ओढ असते तिला संग म्हणतात. म्हणून फाटकी कंथा जवळ असूनही साधक संगी असू शकतो आणि भरल्या घरात राहणारा वासनिक नि:संगाच्या वाटेवर असू शकतो.

संबंधत्यागाचा विधी सांगताना जो क्रम योजला आहे, तो येथे लक्षात घेण्याजोगा आहे. आधी स्वदेशाचा संबंध सोडण्यास सांगितले, मग स्वग्रामाचा, आणि आप्तसंबंधीयांच्या बाबतीत तर विशेष सावध केले. हा क्रम दूरून जवळ येणारा आहे. देश विस्तीर्ण आहे, त्याची ओढ सर्वांगाला वाटत नाही. गाव त्याहून जवळचे, आणि आप्त सर्वांत जवळचे. संबंध जितका निकट, तितके त्याचे बंधन बळकट, असा या क्रमाचा आशय आम्ही समजतो. हाच न्याय वस्तूंना लावून पाहावा. घर मोठे असले तरी ते पाठीवर येत नाही. शेतातला नांगर शेतातच राहतो. परंतु जी वस्तू दिवसभर अंगाला चिकटून असते, निजताना उशाशी असते आणि जाग येताच हात जिच्याकडे जातो, तिचे बंधन किती निकटचे मानावे? पूर्वीच्या काळी साधकाच्या इतक्या जवळ नामाशिवाय दुसरे काही नसे.

श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या नित्यक्रमाविषयी आपल्या परंपरेत जे सांगितले जाते, तेही येथे आठवते. भिक्षा कोल्हापुरास, भोजन आपल्याच बीड जिल्ह्यातील गोदातीरीच्या पांचाळेश्वरास, निद्रा माहुरास. एवढ्या अंतराचा नित्य संचार, आणि सामग्री काय, तर झोळी. अवतारांच्या सामर्थ्याशी आपली तुलना करण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्याला संचार करावयाचा आहे त्याचे ओझे किती असावे, याचे माप त्या लीळेत आहे.

आता आमचे माप सांगतो. काही वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही पाच जण त्याच पांचाळेश्वरास गेलो होतो. प्रत्येकाजवळ झोळी होतीच, शिवाय पाठीवर अनेक कप्प्यांची एकेक बॅग. बॅगेत मोबाइल, त्याचा चार्जर, चार्जर न मिळाल्यास पॉवर बँक, पॉवर बँकेची वेगळी तार, इअरफोन, विजेरी, थर्मास, आणि या सर्वांना वेगवेगळ्या लहान पिशव्या. आत्मतीर्थी पोचल्यावर स्थानवंदन करण्यापूर्वी आमच्यापैकी तिघांची दृष्टी भिंतीवर प्लग कोठे आहे ते शोधू लागली. त्या तिघांत प्रस्तुत लेखकही होता. झोळीला एकच तोंड असते आणि कप्पा नसतो. तीत काय आहे ते हात घालताच कळते, आणि ती भरली की भरली. बॅगेचे तसे नाही. कप्पा रिकामा दिसला की त्यात काय ठेवावे हा विचार सुरू होतो, आणि पुढे ती वस्तू आपल्याला आवश्यकच होती असे वाटू लागते.

प्रसाद आणि पदार्थ

येथे एक शंका सहज संभवते. आपला पंथ वस्तूंविषयी उदासीन आहे म्हणावे, तर स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक या चार साधनांत प्रसादाचा समावेश कसा? श्रीचरणांचा किंवा श्रीकरांचा संबंध ज्या वस्तूंस घडला, त्या वस्तू आपण शतकानुशतके जतन करीत आलो. स्थानांचे संबंधी पाषाण घरोघरी देवपूजेत आहेत. वस्त्राचा लहानसा तुकडाही आपण रेशमी वेष्टनात ठेवतो. हा संग्रह नव्हे काय?

याचे समाधान असे. प्रसादाचे मोल त्याला घडलेल्या संबंधामुळे आहे. तो नवा आहे किंवा सुबक आहे, म्हणून कोणी त्याला वंदन करीत नाही. तो झिजला तरी उणा होत नाही, आणि त्याच्या जागी दुसरा अधिक चांगला आणावा असा विचारही आपल्या मनास शिवत नाही. प्रसादाच्या सान्निध्यात स्मरण घडते, म्हणून तो साधन आहे. बाजारातील वस्तूचे मोल तिच्या कार्यात असते. कार्य होते तोवर ती ठेवावी, कार्य खुंटले की सोडावी. तिच्याशी आणखी काही नाते जोडण्याचे कारण नाही. आज बाजार तिच्याभोवती एक तिसरेच मोल उभे करतो, आणि ते म्हणजे नवेपण. हे मोल संबंधातून आलेले नाही आणि कार्यातूनही आलेले नाही.

परमेश्वर, देवता, जीव आणि प्रपंच असे चार पदार्थ आपल्या शास्त्राने मानले आहेत. त्यांत कार्यरूप प्रपंच अनित्य आहे, हे प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असते. वस्तू या कार्यरूप प्रपंचातली, म्हणून ती अनित्य. परंतु वस्तूचे नवेपण हे वस्तूपेक्षाही अल्पायुषी असते. मोबाइल पाच वर्षे चालतो, त्याचे नवेपण पाच आठवडेही टिकत नाही. अनित्य वस्तूच्या मागे धावणारा जीव बद्ध होतो असे आपण सांगतो. मग त्या अनित्यातलेही जे अधिक अनित्य, त्याच्यामागे धावणाऱ्याची गती काय?

नवेपणाचा व्यापार

ही ओढ सर्वस्वी जीवाच्या स्वभावातूनच उपजते असेही नाही. ती योजनापूर्वक उपजवली जाते, आणि तिचा इतिहास शंभर वर्षांचा तरी आहे. १९२४ सालच्या डिसेंबरात जगातील प्रमुख विद्युत्‌दीप उत्पादकांनी जिनेव्हा येथे एकत्र येऊन ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला. त्या काळी दीड-दोन हजार तास जळणारे दिवे तयार होत असत. या संघाने दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणावे असे ठरवले, आणि ज्याचे दिवे अधिक काळ टिकत त्या उत्पादकाला दंड आकारला. दिवा लवकर विझावा यासाठी श्रम घेतले गेले. याच दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने मोटारीचे रूप दरवर्षी बदलण्याची प्रथा रूढ केली. यात गेल्या वर्षीची मोटार बिघडलेली नसे. ती फक्त गेल्या वर्षीची दिसे.

हे दोन मार्ग निरनिराळे आहेत. पहिला वस्तूचे आयुष्य तोडतो, दुसरा मालकाचे समाधान तोडतो. आजच्या मोबाइलच्या बाबतीत दोन्ही मार्ग एकत्र आले आहेत. बॅटरी आत चिकटवलेली असते, त्यामुळे ती झिजली म्हणजे सगळे यंत्रच झिजले असे सामान्य मनुष्यास वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये ऍपल कंपनीने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आज्ञावलीद्वारे कमी केला जात होता. यंत्र अकस्मात बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु ग्राहकांस ते नीट सांगितले नाही, म्हणून २०२० साली फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. मधल्या काळात असंख्य लोकांनी हातातले यंत्र म्हातारे झाले असे समजून नवे घेतले असेल. त्यांपैकी पुष्कळांना केवळ नवी बॅटरी पुरली असती.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण त्या शेतकऱ्याच्या प्रश्नातच आहे. त्याच्या मुलाचा मोबाइल चालत होता. चालत नव्हते ते त्याचे समाधान, आणि ते वर्गातील मुलांच्या हसण्याने मोडले होते.

दृष्टांत

दृष्टांतपाठात एकशेचौदा दृष्टांत आहेत. त्यांत सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे. त्या पद्धतीचे बोट धरून आमच्या भागातील एक प्रसंग मांडतो. तो स्वामींचा दृष्टांत नव्हे, डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दिवाळीच्या मागेपुढे बीड जिल्ह्यातील गावोगावच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अनेक बिऱ्हाडे बसावयाची असतात, म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला जागा मोजकी मिळते. आम्ही पाहिले त्या घरी म्हातारीने सामान अंगणात मांडले होते. ज्वारीचे पोते, तवा, परात, दोन पातेली, घागर, वाकळी, पत्र्याची पेटी, कोयते. सून आतून एक नवा, चकचकीत डबा घेऊन आली. म्हातारीने विचारले, “ह्यात काय न्यायचं?” सुनेने सांगितले, “काय नाय, चांगला हाय म्हनून.” म्हातारी म्हणाली, “मग ऱ्हाऊ दे घरी. तिथं कोपीत त्यालाच राखीत बसशील.” डबा घरी राहिला. बुडाला डाग दिलेले जुने पातेले मात्र ट्रॉलीत चढले, कारण कालवण त्याच्यातच व्हायचे होते.

दार्ष्टांतिक

ट्रॉलीतली मोजकी जागा म्हणजे साधकाचे अवधान. दिवसाच्या घटका मोजक्याच असतात आणि चित्ताची जागाही मोजकी. चकचकीत डबा म्हणजे कार्यावाचून घेतलेली नवी वस्तू. ती ओझे होते हा तिचा पहिला दोष. तिला राखीत बसावे लागते हा दुसरा, आणि तो अधिक मोठा. नव्या मोबाइलला ओरखडा पडू नये म्हणून कवच लागते, काचेवर दुसरी काच लागते. तो हरवू नये म्हणून चिंता लागते. आमचा नवा मोबाइल आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच्या स्मरणाच्या वेळी तो कोठे ठेवला आहे याची आठवण आम्हांस तीन-चार वेळा झाली. जुना मोबाइल वर्षानुवर्षे जवळ होता, पण त्याने असा व्यत्यय कधी आणला नव्हता. डाग दिलेले पातेले म्हणजे जुनी, दुरुस्त केलेली, कार्य करणारी वस्तू. ती आपले काम करते आणि बाकीच्या वेळी मनातून निघून जाते. साधकाच्या जवळ असण्यास योग्य वस्तूचे हेच लक्षण समजावे.

या दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या घरचे थोडके सामान हे वैराग्य नव्हते. ते दारिद्र्य होते, आणि दारिद्र्याचा गौरव करणे हा अपराध आहे. मुकादमाची उचल घेऊन हंगामाचे श्रम आधीच विकलेल्या त्या माणसांना अधिक सुख मिळावे हीच इच्छा योग्य होय. दृष्टांत घ्यावयाचा तो म्हातारीच्या विवेकापुरताच. मात्र या उचलीवरून आणखी एक गोष्ट सुचते. उचल म्हणजे काय हे बीड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या कष्टांचे पैसे आज घ्यावयाचे आणि पुढचे महिने बांधून द्यावयाचे. ऊसतोड कामगार उचल घेतो ती पोटासाठी, औषधासाठी, मुलीच्या लग्नासाठी. चालता मोबाइल बाजूस ठेवून हप्त्यांवर नवा घेणाराही पुढच्या कष्टांची उचलच घेत असतो, आणि ती केवळ चार जणांच्या दृष्टीसाठी. मुकादमाच्या जागी दुकानदार आला, इतकाच फरक.

अहिंसेच्या अंगाने विचार

अहिंसा हे आपल्या आचारधर्माचे मुख्य अंग आहे. वाटेवरची मुंगी वाचावी म्हणून खाली पाहून चालणाऱ्या साधकाने हातातील वस्तू कोठून आली आणि कोठे जाणार आहे हेही पाहावे. बॅटरीसाठी लागणाऱ्या कोबाल्टचा निम्म्याहून अधिक भाग आफ्रिकेतील काँगो देशातून येतो, आणि तेथील काही खाणींत लहान मुलेही राबतात, हे वारंवार उघड झाले आहे. वस्तू टाकल्यानंतरची कथाही वेगळी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी पुष्कळसा कोठेतरी जाळला जातो वा पुरला जातो, त्यातील शिसे व पारा मातीत आणि पाण्यात उतरतात, आणि त्या मातीपाण्यावर जगणारे जीव त्याचे फळ भोगतात. एक मोबाइल आणखी दोन वर्षे वापरल्याने ही हिंसा थांबणार नाही हे खरे. परंतु आपल्या निमित्ताने घडणारी हिंसा तेवढी तरी टळते, आणि अहिंसाविधीचा प्रश्न प्रत्येकाच्या निमित्तापासूनच सुरू होतो.

शंका-समाधान

शंका : आज शासनच नवा मोबाइल घ्यावयास लावते. मग शेतकऱ्याने काय करावे?

समाधान : ही शंका रास्त आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलमधून नोंदवणे शेतकऱ्यांच्या वाट्यास आले. बँकेचे व्यवहार, अनुदानासाठी ओळख पटवणे हेही मोबाइलवर आले. ज्या घरी असा मोबाइल मुळीच नाही, त्या घरी तो घेणे हे कार्यासाठी घेणे आहे. त्यास संग म्हणू नये. मात्र एका मोबाइलवरून अनेक खातेदारांच्या पिकांची नोंद करता येते. तेव्हा भावकीत वा शेजारी एक चांगला मोबाइल असल्यास पुष्कळ काम भागते. दुसरे असे की, जुन्या यंत्राला सुरक्षिततेच्या सुधारणा मिळणे बंद झाले असेल आणि त्यावरून पैशांचे व्यवहार करावयाचे असतील, तर त्या कार्यापुरते ते यंत्र निकामी झाले असे मानावे. संभाषणासाठी मात्र ते चालू शकते. नि:संग म्हणजे आंधळा हट्ट नव्हे.

शंका : आपल्या पोथ्यांची छायाचित्रे घेणे, दूरच्या साधकांना पाठ पाठवणे ही कामे नव्या यंत्रांमुळेच सुलभ झाली. मग नव्याला विरोध का?

समाधान : नव्याला विरोध नाही. आपल्या पूर्वजांनी पोथ्यांच्या रक्षणासाठी सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्या योजल्या, तेही त्या काळी नवेच होते. पुढे त्या लिप्यांचा उलगडा होऊन ग्रंथ छापले गेले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी जगतास एक मोठे दालन खुले झाले. हे सर्व बदल कार्यासाठी होते. लिपी जुनी दिसते म्हणून कोणी ती बदलली नाही. पोथीचे छायाचित्र घेण्यास चांगला कॅमेरा लागत असेल तर तो अवश्य असावा. तो आश्रमात एक असावा, पाच साधकांजवळ पाच नसावेत.

शंका : सूत्रपाठ, लीळाचरित्र, भाष्ये हे सर्व मोबाइलमध्ये साठवता येते. अधिक साठवणीचे यंत्र घेतल्यास अध्ययन वाढेल, असे विद्यार्थी म्हणतात.

समाधान : येथे विशेष सावध राहावे असे आम्हांस वाटते. दुकानदार यंत्राच्या साठवणीला ‘मेमरी’ म्हणतो, म्हणजे स्मरण. आपल्या मार्गात तर स्मरण हेच सर्वस्व आहे. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण हा साधकाचा नित्य उद्योग. लीळाचरित्राचा इतिहास आठवावा. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांना विचारून लीळा संकलित केल्या. ती मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. आज जे पाठभेद दिसतात ते त्या आपत्तीची खूण आहेत, तसेच त्या स्मरणाच्या सामर्थ्याचीही. हातातले गेले, आणि अंत:करणातले राहिले. पूर्वी आश्रमात आलेला विद्यार्थी सूत्रपाठ मुखोद्गत करीत असे. आज त्याला एखादे सूत्र विचारले की तो “थांबा बाबा, काढतो” असे म्हणून खिशात हात घालतो. यंत्राची साठवण दुप्पट केल्याने त्याचे स्मरण दुप्पट होणार नाही. यंत्रात पोथी अवश्य ठेवावी, परंतु ती हरवली तर आपल्याजवळ काय उरेल हे विद्यार्थ्याने आधी पाहावे.

आचरणासाठी

शास्त्राचा विचार आचरणात उतरला नाही तर तो केवळ पांडित्य होतो. म्हणून नवी वस्तू घेण्यापूर्वी स्वतःस विचारावयाचे तीन प्रश्न सुचवतो.

पहिला : हातातल्या वस्तूचे कार्य खुंटले आहे काय? “आवडत नाही”, “जुनी झाली”, “सर्वांकडे नवी आहे” ही कार्य खुंटल्याची लक्षणे नव्हेत.

दुसरा : कार्य खुंटले असल्यास दुरुस्ती होते काय? मोबाइलची बॅटरी, काच, चार्जिंगचे छिद्र ही पुष्कळदा बदलता येतात. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे ही जाणीव आता जगभर वाढत आहे. आपल्या केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी बदलता येईल अशी रचना असावी, असा नियम युरोपीय संघाने केला असून तो फेब्रुवारी २०२७ पासूनचा आहे. कायदे होतील तेव्हा होतील. तालुक्याच्या गावी छोट्या टपरीत बसलेला कारागीर आजही हे काम करतो, आणि त्याच्या पदरी चार पैसे पडतात.

तिसरा : ही वस्तू कोणाच्या डोळ्यांसाठी घेत आहे? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यास सांगावे लागत नाही, म्हणून ते खरे द्यावे.

भिक्षूसाठी चौथा प्रश्नही आहे. अर्पण झालेली वस्तू स्वीकारलीच पाहिजे काय? सद्भक्ताची श्रद्धा मोडू नये हे खरे. परंतु श्रद्धेचा स्वीकार करून वस्तू योग्य कार्याकडे वळवता येते. देणाऱ्याच्या भावाला त्याने उणेपणा येत नाही.

उपसंहार

दुसऱ्या दिवशी तो शेतकरी मुलास घेऊन आला. मुलगा चुणचुणीत होता. आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्याने विचारले, “बाबा, तुमच्याजवळ कोणता फोन आहे?” वडील त्याला दटावू लागले. आम्ही त्यांना थांबवले आणि झोळीतून नवा मोबाइल काढून त्याच्यापुढे ठेवला. तो कसा आला आणि आमच्याकडून काय चुकले, ते त्याला सांगितले. मुलगा हसला नाही. त्याने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “कॅमेरा भारी आहे.” मग आम्ही वरील तीन प्रश्न त्याला सांगितले आणि म्हटले, “तुझी उत्तरे तूच काढ, आम्ही आमची काढतो.”

आमची उत्तरे निघाली ती अशी. कपाटातला जुना मोबाइल आंबेजोगाईस नेऊन त्याची बॅटरी बदलून घेतली. तो पुन्हा झोळीत आला. नवा मोबाइल, अर्पण करणाऱ्या सद्भक्ताची संमती घेऊन, आश्रमातील जुन्या पोथ्यांची छायाचित्रे घेण्याच्या कामास दिला. तो आता पोथ्यांच्या कपाटाशेजारी असतो आणि ज्याला काम असेल तो वापरतो. पांचाळेश्वरास यापुढे जाताना पाच जणांत मिळून एक चार्जर न्यावा, असेही ठरले आहे.

त्या घरी काय ठरले ते आम्ही विचारले नाही. तो विचार त्या पितापुत्रांचा आहे. परंतु त्यानंतरच्या निरूपणास तो मुलगा वडिलांबरोबर आला होता, आणि निरूपण चालू असेपर्यंत त्याचा हात खिशाकडे गेला नाही, एवढे आम्ही पाहिले. आमचाही गेला नाही.

सर्व साधक व वासनिक वाचकांस दंडवत प्रणाम.